घोड्यांसाठी राजवाडा बांधला, पण हवेचं काय?

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या चॅट्सवर्थ हाऊस या ड्यूकच्या (बड्या सरदाराच्या) वाड्याच्या पागेचा फोटो कुणाला नुसता दाखवला तर तो बिनधास्त म्हणेल की हाच ड्यूकचा वाडा. 1760 च्या आसपास जेम्स पेन नावाच्या आर्किटेक्टने चौथ्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरसाठी ही बांधली, साधारण 58 मीटर बाय 58 मीटरचा दुमजली चौसोपी प्रकार, दारावर चार डोरिक (जुन्या ग्रीक धाटणीचे) खांब, वर खानदानाचं भलंमोठं चिन्ह, दोन दगडी नर हरणं आणि त्यांच्या डोक्यावर चक्क खरी शिंगं! वर घड्याळाचा टॉवर. हा सगळा थाट अर्थातच पाहुण्यांसाठी, घोड्याला डोरिक खांबाचं काय कौतुक.

आत 80 घोड्यांची सोय होती. आता हिशोब करा, एक मोठा घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो, म्हणजे पागा भरलेली असली की रोज टनभराच्या वर लीद, शिवाय मूत वेगळं. मुतातल्या युरियावर बॅक्टेरिया तुटून पडतात आणि अमोनिया तयार होतो, तोच तो डोळ्यात पाणी आणणारा वास. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, पण हवा हललीच नाही तर तो गवताच्या अंथरुणाजवळच रेंगाळतो, आणि घोडा आडवा झाला की त्याचं नाक नेमकं तिथेच. फुफ्फुसाची वाट लागते.

यावर उपाय घोड्याकडेच असतो. 500 किलोचा घोडा नुसता उभा राहिला तरी काहीशे वॅट उष्णता बाहेर टाकतो, ती गरम दमट हवा वर चढते, वर वाट मिळाली तर बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत ओढली जाते, चुलीच्या धुराड्यासारखंच. म्हणून त्या काळच्या कितीतरी पागांमध्ये उंच छत आणि भिंतीत वरच्या बाजूला अर्धगोल खिडक्या दिसतात. उजेड मिळतो, गार झोत थेट अंगावर येत नाही, आणि लाथेने काच फुटायची भीती नाही.

पण घोळ घालायला माणसं होतीच. पागा उबदार ठेवली की घोड्याच्या अंगावरचे केस चकाकतात असा समज, मग मोतद्दार खिडक्या गच्च बंद करायचे. चॅट्सवर्थला तर वरच्या मजल्यावर धान्याची कोठारं आणि नोकरांच्या खोल्या होत्या, एका दारावर ‘थर्ड पोस्टिलियन’, म्हणजे बग्गीच्या घोड्यावर बसून ती हाकणारा तिसरा स्वार, असं अजूनही लिहिलेलं आहे. त्या बिचाऱ्याच्या खोलीत रात्री काय वास येत असेल!

मला सगळ्यात खटकते ती मात्र वैरणीची जाळी. जुन्या पागांमध्ये ती बऱ्याचदा घोड्याच्या डोक्याच्या वर असायची, माळ्यावरून गवत थेट खाली टाकता यावं म्हणून. कामगारांना सोपं, पण धूळ आणि बुरशीचे कण सरळ घोड्याच्या डोळ्यात-नाकात. त्यात घोडा हा मान खाली घालून चरणारा प्राणी, मान खाली असली की श्वासनलिकेतला चिकट द्रव आपोआप बाहेर येतो, तासन्‌तास वर राहिली की साठतो आणि त्यात जंतू वाढतात. म्हणून आता डॉक्टर सांगतात, वैरण जमिनीवर किंवा अगदी खाली ठेवा.

चॅट्सवर्थमधले शेवटचे घोडे 1939 मध्ये गेले. मग तिथे गोदाम आणि गॅरेज झालं, आता लोक जेवायला जातात.