नदीचं काम टाकीत उरकायचं

नळाला पाणी आलं की सोलापुरात घरोघरी पिंपं, बादल्या, टाक्या भरायची नुसती गडबड, पण तेच पाणी आंघोळ, भांडी, धुणं होऊन मोरीतनं गेलं की मग त्याचा विचार कुणीच करत नाही. माणशी १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण ८० टक्के गटारात जातं. ते उताराने नाल्यात, नाल्यातनं सीना नदीत, आणि सीना पुढं कुडलच्या संगमावर भीमेला मिळते.

नदीत मासे मरून तरंगले की आपण म्हणतो कुणीतरी विष सोडलं. तसंही होतं, पण बऱ्याचदा ते गुदमरून मेलेले असतात. मैलापाणी नदीत आलं की त्यातली घाण खायला जीवाणू तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. आता हिशोब बघा, एक लिटर मैलापाण्यातली घाण पचवायला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो (यालाच बीओडी म्हणतात) आणि आपल्या उन्हाळ्यात नदीच्या एक लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे एक लिटर घाण तीस-चाळीस लिटर नदीचा श्वास संपवते! त्यात मे महिन्यात सीनेत पाणीच किती असतं ते आपण बघतोच की.

सोलापुरातला देगावचा एसटीपी (मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट) काय करतो, तर नदीत जे झालं असतं तेच अलीकडं टाकीत करून घेतो. हा प्लांट ७५ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला साडेसात कोटी लिटरचा. कुठल्याही प्लांटवर आधी जाळीत पिशव्या, चिंध्या, शाम्पूच्या पुड्या अडकतात, मग वाळू खाली बसते, हे सोपं आहे. खरी गंमत हवेच्या टाकीत. तळातनं ब्लोअरने हवा सोडतात, बुडबुडे उठत राहतात आणि जीवाणू पोटभर ऑक्सिजन घेऊन घाण खातात, नदीतला नाही, आपण दिलेला. त्यांचे तपकिरी पुंजके होतात, ते जड म्हणून हवा थांबली की खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. बसलेला थोडा गाळ परत टाकीत ठेवतात, दह्याला विरजण ठेवतो ना, अगदी तसं. ही पद्धत १९१४ पासूनची, मँचेस्टरमध्ये निघाली आणि मला तरी अजून त्याचं अप्रूप वाटतं.

प्लांटवरचा माणूस एक लिटरचा काचेचा सिलिंडर हवेच्या टाकीतल्या पाण्याने भरून अर्धा तास हलवायचा नाही असा ठेवतो. गाळ किती खाली बसला, वरचं पाणी किती स्वच्छ, एवढ्यावरनं त्याला कळतं जीवाणूंची तब्येत बरी आहे का. गाळ फुगून वरच तरंगत राहिला तर काहीतरी बिनसलंय. शेवटी क्लोरीन मारून पाणी सोडतात. नीट चाललेल्या प्लांटमधनं निघालेल्या पाण्याचा बीओडी लिटरमागे १० ते ३० मिलिग्रॅमवर येतो, म्हणजे नदीवरचा भार दहा हिश्शांतला नऊ हिस्से उतरला.

पण हे सगळं जिवंत जीवांवर चाललंय हे विसरून चालत नाही. लाईट बराच वेळ गेली की ब्लोअर बंद, जीवाणू गुदमरतात. कुणी अ‍ॅसिडचा किंवा रंगाचा टँकर गटारात रिकामा केला तर एका रात्रीत ते मरतात आणि विरजण परत लागायला आठवडे जातात, तोवर पाणी तसंच अर्धवट नदीला. आणि भज्यांचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका ओ, ते थंड होऊन पाईपात थिजतं, चेंबर तुंबतं, मग मैला रस्त्यावरनं सरळ नाल्यात जातो आणि प्लांटपर्यंत पोचतच नाही. तेल जुन्या बाटलीत भरून ठेवायचं, एवढंच.