गोळी राहू द्या, रक्त थांबवा

हिंदी सिनेमात गोळी लागलेल्या माणसावरचा उपचार ठरलेला असतो: तापवलेला सुरा, चिमटा आणि ताटलीत टणकन पडणारी गोळी. गोळी निघाली की माणूस वाचला. हा समज इतका पक्का आहे की मशीद, चर्च किंवा देवळात गोळीबार झाल्याची बातमी आली की जखमींबद्दल पहिला प्रश्न येतो तो ‘गोळी काढली का?’ असाच.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत घालून ती शोधली. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने धातू शोधणारे यंत्र आणले, तरी सापडली नाही. ७९ दिवसांनी गारफील्ड गेले ते मुख्यतः त्या शोधाशोधीतून झालेल्या जंतुसंसर्गाने. आजचे शल्यविशारद कितीतरी गोळ्या शरीरातच ठेवतात. सांध्यात अडकली असेल तर काढतात, कारण सांध्यातल्या द्रवात शिसे विरघळते. स्नायूत रुतून बसलेली गोळी सहसा काही करत नाही. माणूस मरतो तो तिने वाटेत फाडलेल्या रक्तवाहिनीमुळे.

सत्तर किलोच्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असते. पाऊण लिटर गेले तरी शरीर निभावून नेते. दीड लिटरच्या आसपास नाडी १२०च्या वर जाते, रक्तदाब घसरतो, माणूस बरळू लागतो. दोन लिटर गेले की जीव धोक्यात. मांडीतली मोठी धमनी तुटली तर इतके रक्त जायला काही मिनिटे पुरतात. १०८ची गाडी कितीही वेगाने आली तरी तेवढ्यात पोचेलच असे नाही. म्हणून सरकारी प्रतिसादाची पहिली कडी म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस, आणि त्याला काय करायचे ते ठाऊक असायला हवे.

हाता-पायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट, म्हणजे आवळपट्टी. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला पाच ते सात सेंटिमीटरवर बांधायची. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. तयार पट्टी नसेल तर उपरणे किंवा ओढणी चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी करून दोनदा गुंडाळावी, अर्धी गाठ मारावी, गाठीवर एक भक्कम दांडी ठेवून पूर्ण गाठ मारावी आणि दांडी पिळत जावे. पेन चालत नाही, मोडते. झाऱ्याची जाड लोखंडी दांडी चालते. रक्त थांबेपर्यंत पिळायचे, मग दांडी दुसऱ्या फडक्याने बांधून टाकायची. जखमी कळवळतो, आणि तिथेच बांधणाऱ्याचा हात सैल पडतो.

सैल पडला तर काय होते हे नीट समजून घेण्यासारखे आहे. शिरांमधला दाब अगदी कमी, धमन्यांमधला जास्त. पट्टी अर्धवट आवळली की आधी शिरा बंद होतात, धमनी मात्र उघडीच राहते. म्हणजे पायात रक्त येत राहते, परत जायची वाट बंद होते, आणि ते सगळे जखमेतून बाहेर पडते. अर्धवट पट्टी न बांधण्यापेक्षा वाईट, ती यामुळे. नुसता कमरेचा पट्टा बहुधा याच कारणाने फसतो: हाताने ओढून तो मांडीवर पुरेसा आवळत नाही. बारीक दोरी वापरली तर सगळा दाब एका रेषेवर येतो आणि मज्जातंतू चेचला जातो. रुंद पट्टीला कमी दाब पुरतो. मांडी जाड असेल आणि एका पट्टीने भागत नसेल तर तिच्या वर दुसरी बांधावी. जुन्या प्रथमोपचारात ‘दर दहा मिनिटांनी सैल करा’ असे शिकवत. आता ते करायचे नाही. बांधल्याची वेळ कपाळावर लिहायची आणि सोडायचे काम डॉक्टरवर ठेवायचे. दोन तासांपर्यंत पाय सहसा वाचतो.

जांघेत, काखेत, मानेच्या बुडाशी पट्टी बसत नाही. तिथे स्वच्छ कापड किंवा गॉज बोटाने थेट जखमेच्या तळापर्यंत कोंबत जायचे, पोकळी भरली की दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबायचे. साधे गॉज असेल तर किमान दहा मिनिटे, मध्ये उचलून न बघता. उचलले की नुकतीच धरलेली गुठळी निघून येते. हळद, कॉफीची पूड, राख काहीही घालू नये. धमनीच्या दाबापुढे पूड टिकत नाही, पुढे शल्यविशारदाला मात्र ती धुऊन काढावी लागते. पोटातल्या जखमेला बाहेरून इलाज नाही, तिथे शस्त्रक्रियाच.

गुठळी धरते कशी? रक्तवाहिनीच्या फाटलेल्या भिंतीतले कोलॅजेन हे प्रथिन उघडे पडले की प्लेटलेट तिथे चिकटतात. त्याच वेळी रक्तातल्या एन्झाइमांची साखळी एकमेकांना जागे करत थ्रॉम्बिनपर्यंत पोचते. थ्रॉम्बिन विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करतो आणि रापणीच्या जाळ्यात मासळी अडकावी तशा त्या धाग्यांत रक्तपेशी अडकतात. यातले प्रत्येक एन्झाइम ३७ अंशांना बेतलेले. रक्त गेलेला माणूस स्वतःची पुरेशी उष्णता तयार करू शकत नाही. ओल्या कपड्यांत फरशीवर पडला तर गोव्याच्या मे महिन्यातही त्याचे तापमान उतरते. ३४च्या खाली साखळी रेंगाळते. पेशींना प्राणवायू कमी पडला की लॅक्टिक आम्ल साठते, रक्ताचा पीएच उतरतो आणि थ्रॉम्बिन आणखी कमी बनते. गुठळी होत नाही म्हणून आणखी रक्त जाते, त्यामुळे आणखी गारठा, आणखी आम्ल. या चक्रात सापडलेला जखमी शस्त्रक्रियेच्या टेबलावरही हातचा जाऊ शकतो.

म्हणून जखमीला कोरडे करून पांघरूण घालणे हा उपचारच आहे. म्हणूनच थंड सलाइनच्या बाटल्या भराभर चढवणे बहुतेक ठिकाणी मागे पडले: सलाइनने दाब वाढतो, पण गुठळीचे घटक पातळ होतात आणि धरलेली गुठळी दाबाने उडते. रक्त थांबेपर्यंत वरचा दाब ८०-९० राखतात; डोक्याला मार असेल तर हा नियम लागू नाही. मिळेल तितक्या लवकर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट सारख्या प्रमाणात देतात. तयार झालेले फायब्रिन विरघळू नये म्हणून ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, एक ग्रॅम दहा मिनिटांत. स्वस्त औषध आहे, पण तीन तासांच्या आत द्यायचे. त्यानंतर फायदा तर नाहीच, उलट धोका वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ चाचणीच्या आकड्यांतून दिसले.

पोलिसांची कार्यपद्धतीही याच मिनिटांनी बदलवली. १९९९ साली अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत पोलीस वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहत राहिले आणि आत एक शिक्षक तासन्‌तास रक्तस्राव होऊन गेले. तेव्हापासून पहिले पोचलेले पोलीस थेट आत जातात, जखमींना ओलांडून हल्लेखोराकडे. त्यांच्या मागोमाग पोलीस संरक्षणात वैद्यकीय तुकडी जाते, तीही इमारत पूर्ण तपासून होण्याआधी. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत १५ मार्च २०१९ रोजी ५१ जणांचा बळी घेणारा हल्लेखोर पहिल्या फोननंतर वीसेक मिनिटांत पकडला गेला. तो दुसऱ्या मशिदीवरून निघालाच होता.

मग वर्गवारी, म्हणजे कोणाला आधी उपचार हे रंगाने ठरवणे. चालता येणाऱ्यांना एका बाजूला बोलावतात, ते हिरवे. श्वास मिनिटाला तिसाच्या वर, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतत नाही, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातले एकही असेल तर लाल, म्हणजे सर्वांत आधी. बाकीचे पिवळे. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळे, म्हणजे मृत. माणसामागे मिनिटभरापेक्षा जास्त द्यायचे नाही. ओरडणाऱ्याकडे आधी धावणे ही हमखास होणारी चूक. ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग मोकळा असतो, गप्प पडलेल्याकडे आधी बघावे.

गोव्यात हे सगळे रस्त्यावर अडू शकते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला किंवा फातर्प्याच्या जत्रेला दुकानांच्या रांगांतून रुग्णवाहिका आत घुसते, पण मागून येणाऱ्या गाड्यांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. आत जायचा रस्ता वेगळा, बाहेर पडायचा वेगळा, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती आराखड्यात जत्रेआधीच ठरायला हवे. शिरगावच्या लईराई जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली, ती गोळीबार नव्हती. पण रस्ता आणि वर्गवारी यांचे गणित तेच.

इस्पितळात आधी पोचतात ते किरकोळ जखमी, कारण ते मिळेल त्या गाडीत बसून येतात. खाटा त्यांनीच भरल्या तर मागून येणाऱ्या लाल रुग्णांना जागा उरत नाही. म्हणून हिरव्यांना आरोग्य केंद्रांकडे, पिवळ्यांना म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांत आणि लाल बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, अशी वाटणी घटनास्थळीच व्हावी. वाटेतल्या खासगी इस्पितळाने ‘पोलीस केस आहे’ म्हणून दार लावणे बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात ते सांगितले आहे. त्या दिवशी रक्तदात्यांच्या रांगा लागतात. भावना मोलाची, पण दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही कावीळ, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी व्हायला तास लागतात. त्या संध्याकाळी कामी येते ते आधीच फ्रिजमध्ये असलेले. प्लेटलेट तर पाच दिवसच टिकतात.

जखमी हलवले की जागा सील होते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर येणे आणि चित्रीकरण करणे नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. त्यासाठी राज्यांना मुदत मिळाली आहे. प्रत्येक रिकाम्या काडतुसाला क्रमांक, फोटो, मोजमाप. बंदुकीच्या पिनने काडतुसाच्या बुडावर उठवलेली खूण कोणत्या शस्त्रातून किती गोळ्या सुटल्या ते सांगते. याच वेळी ‘जागा विटाळली, आधी शुद्धी करा’ असा दबाव येतो. शुद्धी चार दिवसांनीही करता येते. धुतलेली फरशी परत साक्ष देत नाही.

सर्वांत कठीण काम मृतांची ओळख. नातेवाइकाने चेहरा पाहून सांगणे पुरत नाही. धक्क्यात माणसे चुकतात, आणि एक देह चुकीच्या घरी गेला तर दोन घरे उद्ध्वस्त होतात. बोटांचे ठसे, दात किंवा डीएनए यांपैकी एक तरी जुळावे हा इंटरपोलचा दंडक आहे. क्राइस्टचर्चमध्ये मुस्लीम कुटुंबांना लवकर दफन हवे होते, तरी पहिले दफन २० मार्चला झाले. त्या दिवसांत कुटुंबांना सर्वांत जास्त छळतो तो माहितीचा अभाव. म्हणून एकच खोली, एकच नेमलेला अधिकारी, आणि नवीन काही नसले तरी ठरल्या वेळी येऊन ‘अजून काही नाही’ असे सांगणे, एवढे पोलिसांनी पाळायचे असते.