नियमबाह्य ठोसा रेफरीला दिसतो तरी कसा?

पुण्यातील जिल्हास्तरीय मुष्टियुद्ध स्पर्धांमध्ये एक वाद हमखास झडतो. लाल कोपऱ्यातील मुलगा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, मारतो, निळ्या कोपऱ्यातील मुलगा नेमका त्याच वेळी मान खाली घालून वळतो आणि ग्लोव्ह कानाच्या मागे, कवटीच्या तळाशी जाऊन बसतो. रेफरी ‘स्टॉप’ म्हणून लढत थांबवतो आणि स्वतःच्या डोक्यामागे हात नेऊन फाउल कोणता ते खुणेने दाखवतो. तेवढ्यात लाल कोपऱ्यातून प्रशिक्षकांचा आवाज येतो, ‘‘अहो सर, डोकं त्यानंच फिरवलं!’’ पुष्कळदा दोघांचेही म्हणणे खरे असते.

डोक्याच्या मागे बसणाऱ्या या ठोशाला बॉक्सिंगवाले ‘रॅबिट पंच’ म्हणतात. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रातून मेंदूचा देठ खाली उतरून मज्जारज्जूला मिळतो आणि श्वास व हृदयाची गती सांभाळणारी केंद्रे याच देठात असतात. शरीराचा तोल राखणारा लहान मेंदूही त्याला लागूनच असतो. समोरून येणारा ठोसा दिसला, की खेळाडू हनुवटी छातीकडे ओढतो आणि मानेचे स्नायू आवळतो, त्यामुळे डोक्याला बसणारा झटका काही अंशी धडापर्यंत वाटला जातो. मागून आलेल्या ठोशाला ही तयारी मिळत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१५ मध्ये झालेल्या लढतीत प्रिचर्ड कोलोन या तरुण व्यावसायिक खेळाडूने डोक्यामागे ठोसे बसत असल्याची तक्रार केली होती. लढत चालू राहिली, त्यानंतर तो कोसळला, मेंदूत रक्तस्राव झाल्याचे आढळले आणि तो अनेक महिने कोमात होता. नेमक्या कोणत्या ठोशाने काय झाले हे सांगता येत नाही, परंतु तेव्हापासून या फाउलकडे किरकोळ आगळीक म्हणून पाहणे अवघड झाले आहे.

नियमांची रेघ वेदनेवरून आखलेली नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. उजव्या बरगड्यांखाली यकृतावर बसलेला ठोसा इतका असह्य असतो की भलाभला खेळाडू क्षणभराने गुडघ्यावर येतो. तरीही तो ठोसा पूर्णपणे नियमात बसतो. पाठीमागे मूत्रपिंडावर मारलेला ठोसा मात्र फाउल ठरतो. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, त्यांना शेवटच्या बरगड्यांचे अर्धवटच संरक्षण असते आणि समोर पाहून लढणाऱ्याला तेथे कोपर नेऊन बचाव करता येत नाही. ज्या भागाचा बचाव करणे खेळाडूच्या हाती आहे, तेथे मारायला बहुतांशी मुभा आहे, आणि माझ्या मते हा निकष बराच शहाणपणाचा आहे. कमरेखालच्या ठोशाची बंदी तर वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. व्यावसायिक लढतीत असा ठोसा बसलेल्या खेळाडूला सावरण्यासाठी पाच मिनिटांपर्यंत वेळ दिला जातो.

आता रेफरीच्या डोळ्यांकडे वळू. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट खेळाडू फ्रँक ब्रुनो याचा ठोसा मोजला, तेव्हा त्याची मूठ सुमारे ०.१ सेकंदात जवळजवळ अर्धा मीटर अंतर कापून सेकंदाला ८.९ मीटर वेगाने लक्ष्यावर आदळली आणि स्पर्शानंतर १४ सहस्रांश सेकंदांत ४,०९६ न्यूटन इतके कमाल बल नोंदले गेले. दिसलेल्या गोष्टीला माणसाने प्रतिसाद द्यायचा म्हटले, तरी साधारण ०.२ सेकंद लागतात. शिवाय नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी घेते, तेव्हा त्या उडीपुरती मेंदू दृष्टी जवळपास बंद ठेवतो. म्हणजे रेफरीची नजर पायांकडून चेहऱ्याकडे जात असतानाच ठोसा बसला, तर तो त्याला नीट दिसलेलाच नसतो.

म्हणून अनुभवी रेफरी ठोशाच्या मागे धावत नाही, ठोशाआधीची स्थिती पाहतो. तो दोघांच्या मधली फट दिसेल अशा बाजूला सतत सरकत राहतो, कारण एकाच्या पाठीमागे उभे राहिले, की निम्मी लढत झाकली जाते. दोघे क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठी घातल्यासारख्या पकडीत, अडकले, एकाचा हात दुसऱ्याच्या मानेमागे गेला आणि दुसरा हात मोकळा राहिला, की पुढे काय होणार हे त्याला कळते. तो ‘ब्रेक’ म्हणतो आणि दोघांनाही एक पाऊल मागे जावे लागते. चांगल्या रेफरीच्या लढतीत फाउल कमी दिसतात, त्याचे निम्मे कारण हेच असावे.

निर्णय मात्र निव्वळ डोळ्यांचा नसतो. युरोपीय अजिंक्यपदाच्या लढतींचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. दोन्ही खेळाडू तुल्यबळ मानले, तर यजमान खेळाडूच्या विजयाची शक्यता नॉकआउटमध्ये ५७ टक्के, रेफरीने लढत थांबवून दिलेल्या तांत्रिक नॉकआउटमध्ये ६६ टक्के आणि गुणांवरील निकालात ७४ टक्के निघाली. निकालात माणसाच्या मताचा वाटा जसा वाढला, तसा घरच्या मैदानाचा फायदाही वाढला. रेफरी किंवा गुण देणारे परीक्षक लबाड होते असे यातून सिद्ध होत नाही. प्रेक्षकांचा आवाज हीसुद्धा मेंदूपर्यंत पोहोचणारी माहितीच असते आणि ती बाजूला ठेवणे सोपे नसते.

हेतू ठरवणे त्याहून कठीण आहे. चुकून झालेल्या फाउलसाठी समज देऊन भागते, मुद्दाम केलेल्या फाउलसाठी गुण कापले जातात किंवा खेळाडू बाद होतो. १९९७ मध्ये माइक टायसनने प्रतिस्पर्धी इव्हँडर होलिफिल्डचा कान चावला तेव्हा रेफरी मिल्स लेन यांना हेतूचा विचार करत बसावे लागले नाही, पण असे उघड प्रसंग विरळाच. यावर व्हिडिओ रिप्ले हा उपाय अनेक जण सुचवतात आणि ठोसा कोठे बसला हे ठरवण्यासाठी तो उपयोगी आहेच. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की तीच कृती संथ गतीने दाखवली तर पाहणाऱ्यांना ती अधिक हेतुपुरस्सर वाटते; कर्त्याला विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला होता, असा भास त्यांना होतो. त्यामुळे रिप्ले वापरायचाच असेल, तर जागा ठरवण्यासाठी संथ चित्रण आणि हेतू ठरवण्यासाठी मूळ वेगातील चित्रण पाहावे, हे अधिक न्याय्य होईल.