हर्मेनस : कड्यांवरून देवमासे पाहण्याचे ठिकाण

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील एक किनारी गाव. केपटाउनच्या आग्नेयेस सुमारे १२० किमी. अंतरावर, वॉकर उपसागराच्या उत्तर काठाला ते वसलेले आहे. दरवर्षी साधारणपणे जून ते नोव्हेंबर या काळात सदर्न राइट व्हेल (यूबॅलीना ऑस्ट्रॅलिस) या जातीचे देवमासे दक्षिणेकडील थंड महासागरातून समागमासाठी आणि पिलांना जन्म देण्यासाठी या किनाऱ्यावर येतात. नौकेत पाऊलही न ठेवता, किनाऱ्यालगतच्या खडकाळ कड्यांवरून ते पाहता येतात, हे या गावाचे वैशिष्ट्य होय.

देवमासे इतके जवळ येण्याचे कारण माद्यांच्या गरजेत आहे. पिलाला पाजणारी मादी मोठ्या लाटांपासून आडोसा असलेले उथळ, वाळूच्या तळाचे पाणी निवडते. जन्मतः ५ ते ६ मी. लांबीचे पिलू केवळ तिच्या दुधावर झपाट्याने वाढते; ती स्वतः मात्र या काळात जवळजवळ काहीच खात नाही आणि अंगातील चरबीच्या साठ्यावर निभावते. अशा मादीला नौकांनी वारंवार हुसकावले, तर तिची मोलाची शक्ती वाया जाते. परवाना नसलेल्या नौकेने देवमाशापासून किमान ३०० मी. दूर राहावे, असा दक्षिण आफ्रिकेत नियम आहे. कड्यावरच्या माणसामुळे मात्र मायलेकरांच्या विसाव्यात काहीच व्यत्यय येत नाही, आणि म्हणूनच देवमासे पाहण्याच्या सर्व पद्धतींत ही पद्धत श्रेष्ठ मानायला हवी.

पश्चिमेकडील नव्या बंदरापासून पूर्वेला क्लाइन नदीच्या मुखाजवळील खाजणापर्यंत कड्यांच्या कडेने सुमारे १२ किमी.ची पायवाट गेलेली आहे. देवमासे कोठे दिसत आहेत, याची वर्दी देणारा माणूस नेमण्याची प्रथा गावाने १९९२ मध्ये सुरू केली. केल्प या समुद्री शैवालाच्या वाळलेल्या पोकळ देठापासून केलेले शिंग फुंकून तो लोकांना सावध करतो. सरावलेली नजर आधी फवारा शोधते. या जातीचा फवारा दोन धारांत फाकलेला असतो आणि पाठीवर पर नसतो, त्यामुळे ओळख पटणे अवघड जात नाही. शेपटी पाण्यावर आपटणे, डोके उभे बाहेर काढणे, शेपटी बराच वेळ पाण्याबाहेर धरून राहणे आणि सर्वांत प्रेक्षणीय म्हणजे अवघे शरीर उसळवून पाण्यावर कोसळणे, या हालचाली तेथून स्पष्ट दिसतात.

छायाचित्रणासाठी येथील भूगोलच अनुकूल आहे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि उपसागर गावाच्या दक्षिणेस पसरलेला आहे. त्यामुळे दिवसाचा बराच काळ प्रकाश छायाचित्रकाराच्या पाठीमागून येतो. उंचीमुळे पृष्ठभागाखालचे शरीरही दिसते, आणि ध्रुवण-फिल्टरने पाण्यावरची चकाकी कमी केली, तर आईच्या अंगाला लगटून पोहणारे पिलू चित्रात नीट उतरते. ३०० ते ६०० मिमी.ची लेन्स आणि १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी उद्भासन-काल (कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा वेळ) उपयुक्त ठरतो. पहिली उसळी बहुधा निसटतेच. परंतु एकदा उसळलेला देवमासा पुष्कळदा लागोपाठ उसळ्या घेतो, म्हणून कॅमेरा खाली न ठेवता त्याच्या वाटचालीच्या दिशेने रोखून धरणे श्रेयस्कर असते. वाऱ्याच्या झोतात तिपाईचा आधार लागतो. चांगल्या कोनासाठी लाटांच्या टप्प्यातील निसरड्या खडकांवर उतरणे मात्र धोक्याचे आहे.

या देवमाशांच्या डोक्यावर खरखरीत, जाड त्वचेचे उंचवटे असतात. त्यांवर राहणाऱ्या लहान कवचधारी जीवांमुळे ते पांढुरके दिसतात. त्यांची मांडणी प्रत्येक देवमाशात निराळी असल्याने तिच्यावरून प्राणी ओळखता येतो. कड्यावरून डोक्याची बहुधा एकच बाजू दिसते, म्हणून शास्त्रीय नोंदीसाठी हेलिकॉप्टरमधून, थेट वरून छायाचित्रे घेतात. प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ चालवलेल्या या हवाई पाहणीमुळे एकेका मादीच्या विणींचा इतिहास उपलब्ध झाला आहे.

मंदगती आणि मेल्यावर तरंगणारी ही जात शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवली होती. १९३५ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले, तरी १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी तिची बेकायदा शिकार केली. पुढे येथील संख्या चांगली वाढली. मात्र अलीकडे पूर्वी साधारणतः तीन वर्षांनी विणाऱ्या अनेक माद्या चार-पाच वर्षांनी विताना आढळतात, आणि त्याचा संबंध दक्षिण महासागरातील त्यांच्या अन्नाच्या टंचाईशी जोडला जातो.