सीबीएसई बारावी शारीरिक शिक्षण: फिटनेस आराखडा, रेकॉर्ड फाइल आणि संदर्भ

सीबीएसईच्या बारावीत शारीरिक शिक्षण (संकेतांक ०४८) घेतले की ७० गुणांच्या लेखी पेपरसोबत ३० गुणांचे प्रॅक्टिकल येते, आणि उत्तीर्ण व्हायला दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात. प्रॅक्टिकलचे गुण असे वाटलेले आहेत: फिटनेस चाचणी ६, खेळातले प्रावीण्य ७, योग ७, रेकॉर्ड फाइल ५ आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ५. फाइलला पाचच गुण, म्हणून ती बऱ्याचदा आदल्या रात्री गेल्या वर्षीच्या कुणाची तरी बघून उतरवली जाते. पण परीक्षक व्हायवाला फाइल उघडूनच बसतात. म्हणजे पणाला लागतात ते दहा गुण.

विषय घेतलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे, मग तो विषय मुख्य पाचांतला असो की सहावा. दिव्यांग विद्यार्थ्यांना बोचिया (बसून चेंडू लक्ष्याजवळ टाकण्याचा खेळ), सिटिंग व्हॉलीबॉल, व्हीलचेअर बास्केटबॉल असे खेळ निवडता येतात. त्यांना योगाऐवजीही एखादा खेळ घेता येतो, फक्त तो प्रावीण्यासाठी घेतलेल्या खेळापेक्षा वेगळा हवा. दमा, हृदयाचा त्रास किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच क्रीडाशिक्षकांकडे द्यावी. ६०० मीटर धावायच्या दिवशी ती खिशातून काढण्यात अर्थ नाही. राज्य मंडळाच्या बारावीची पद्धत वेगळी आहे, तिची इथे गल्लत करू नका. खालचा संदर्भांचा भाग मात्र त्या मुलांनाही उपयोगी पडेल.

फाइलमध्ये तीन प्रॅक्टिकल असतात. पहिल्यात फिटनेस चाचण्या. दुसऱ्यात लठ्ठपणा, मधुमेह, दमा, उच्च रक्तदाब, पाठदुखी व संधिवात या जीवनशैलीच्या आजारांसाठी प्रत्येकी दोन आसने, कृती, फायदे आणि निषेधांसह (म्हणजे ते आसन कोणी करू नये). तिसऱ्यात एक खेळ: मैदानाची मापे घातलेली आकृती, साहित्य, नियम, संज्ञा, कौशल्ये. यापलीकडे मुखपृष्ठावर रोल नंबर, अनुक्रमणिका आणि शिक्षकांच्या सहीचे प्रमाणपत्र. प्रॅक्टिकल सहसा जानेवारीपासून सुरू होतात, तेव्हा सह्या डिसेंबरातच घेऊन ठेवा. पहिल्या प्रॅक्टिकलला जोडून अनेक शिक्षक स्वतःचा फिटनेस आराखडा लिहायला सांगतात, आणि संदर्भांची खरी परीक्षा तिथे होते.

त्या आराखड्याचा पहिला संदर्भ तुम्ही स्वतः आहात. खेलो इंडियाच्या चाचणी संचात चौथी ते बारावीसाठी उंची-वजनावरून बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, सिट अँड रीच (बसून पुढे वाकण्याची लवचिकतेची चाचणी), पार्शल कर्ल-अप (पाठीवर झोपून अर्धवट उठणे) आणि पुश-अप आहेत. मुलींसाठी पुश-अपचा सुधारित प्रकार. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, जागा आणि मोजणाऱ्याचे नाव लिहा. डांबरी रस्त्यावरची वेळ आणि पावसाने ओल्या मैदानावरची वेळ यांची तुलना होत नाही, आणि तीन महिन्यांनी प्रगती दाखवताना नेमकी हीच अडचण येते. वजन बूट काढून घ्या.

आता बीएमआय. सगळ्यात जास्त चुकीचे संदर्भ इथेच सापडतात. समजा, मुलगा १७ वर्षांचा, उंची १.६५ मीटर, वजन ६८ किलो. उत्तर येते जवळपास २५, काटेकोरपणे २४.९८. पहिल्या दिसेल त्या संकेतस्थळावर २५ च्या आत सगळे ‘नॉर्मल’, म्हणून तोही नॉर्मल लिहून मोकळा होतो. पण तो तक्ता प्रौढांचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वयोगटाचे २०१५ चे वाढीचे तक्ते जास्त वजन आणि लठ्ठपणा ठरवायला प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा वापरतात आणि मुलगे-मुलींचे तक्ते वेगळे आहेत. त्यांवर हाच मुलगा ‘जास्त वजन’ गटात जातो. निदान पालटले की आराखडाही पालटला. म्हणून आकड्याशेजारी नुसते ‘इंटरनेट’ लिहून भागत नाही. तक्ता कोणाचा, कोणत्या वयाचा, कोणत्या वर्षाचा हे लिहावे लागते.

प्रथिनांचेही तेच. जिमच्या रीलमध्ये किलोमागे दोन ग्रॅम सर्रास सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी ते ०.८३ ग्रॅम आहे, आणि त्याच तक्त्यात १६ ते १८ वयाची ओळ वेगळी दिली आहे. तुम्ही ती ओळ घ्यायची. रोजच्या दहा हजार पावलांचा मूळ उगम शोधत गेलात तर १९६५ च्या सुमारास जपानात विकायला आलेल्या पेडोमीटरपाशी पोहोचाल. पावले मोजू नका असे नाही, पण तो आकडा ‘तज्ज्ञांच्या मते’ म्हणून लिहू नका. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे घ्या: ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस व स्नायू बळकट करणारे व्यायाम.

आसनांसाठी आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम आहे. आपल्या जवळचा आधार हवा तर लोणावळ्याचे कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ मध्ये स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिक सुरू केले. रक्तदाब आणि क्ष-किरणांचे त्यांचे प्रयोग त्यात छापले गेले. निषेधांची बाजू कधीही संदर्भाविना सोडू नका. उच्च रक्तदाबाच्या माणसाला शीर्षासन सुचवलेली फाइल परीक्षकांना क्षणात खटकते.

संदर्भाची शैली शाळेने सांगितली असेल तर तीच पाळा. सांगितली नसेल तर प्रकाशक संस्था, वर्ष, शीर्षक, संकेतस्थळाचा पत्ता आणि पान पाहिल्याची तारीख या क्रमाने लिहा आणि तो क्रम शेवटपर्यंत मोडू नका. शीर्षक ज्या भाषेत प्रसिद्ध झाले त्याच भाषेत ठेवा. मजकुरात आकड्यालगत कंसात संस्था व वर्ष, आणि फाइलच्या शेवटी पूर्ण नोंद. छापलेल्या आसनचित्रांखाली ती कुठून घेतली हेही हवे. विकिपीडियावरून तळटिपेपर्यंत जा आणि मूळ कागद वाचून त्याचाच दाखला द्या. चॅटबॉटचे उत्तर संदर्भ होत नाही. त्याने सांगितलेला अहवाल खरोखर अस्तित्वात आहे का, एवढे तरी उघडून बघा.

व्हायवाला ‘हा आकडा कुठून आणला?’ असे विचारले तर संस्थेचे नाव, वर्ष आणि वयोगट तोंडपाठ हवा. एखादी नोंद चुकीची आढळली तर व्हाइटनर न लावता एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सर किंवा मॅडमची छोटी सही घ्या.