लिग्नाइट : भारतातील व्यापार आणि दरनिश्चिती

लिग्नाइट किंवा तपकिरी कोळसा हा दगडी कोळशापेक्षा भूशास्त्रीय वयाने लहान, मऊ आणि पाणी धरून ठेवणारा कोळसा आहे. भारतात त्याचे वार्षिक उत्पादन गेल्या दशकात साधारणपणे 3.8 ते 4.8 कोटी टनांच्या दरम्यान राहिले असून दगडी कोळशाच्या तुलनेत ते फारच थोडे आहे. देशातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे चार-पंचमांश साठा एकट्या तमिळनाडूत असून उरलेल्यापैकी बहुतेक राजस्थान व गुजरात या राज्यांत आहे. महाराष्ट्रात रत्नागिरी परिसरात जांभ्याखालील गाळाच्या खडकांत लिग्नाइटचे पातळ थर आढळतात. परंतु त्यांना व्यापारी महत्त्व नाही, आणि विदर्भातील खाणींतून निघणारा कोळसा हा दगडी कोळसा आहे.

या खनिजाच्या बाजाराची सारी वैशिष्ट्ये त्याच्या ओलाव्यातून निघतात. तमिळनाडूतील नेवेलीच्या लिग्नाइटमध्ये जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते आणि त्याचे उष्मांक-मूल्य (जळताना मिळणारी उष्णता) किलोमागे सुमारे 2,600 ते 2,700 किलोकॅलरी भरते. गुजरातचे लिग्नाइट काहीसे कोरडे असते. तरीही 40 टक्के ओलावा असलेले 25 टन लिग्नाइट ट्रकमध्ये भरले, तर त्यातले 10 टन पाणीच असते आणि त्याचेही भाडे मोजावे लागते. शिवाय खाणीबाहेर काढल्यावर ते वाळून भुगा होते, आणि ढीग काही आठवडे तसाच पडून राहिला तर आतून तापून धुमसू लागते. त्यामुळे लिग्नाइट फार दूर नेणे परवडत नाही आणि साठवून ठेवणेही धोक्याचे ठरते. देशभर लागू होईल असा लिग्नाइटचा एकच भाव म्हणूनच अस्तित्वात नाही, आणि त्याची आयात-निर्यातही नगण्य आहे. वीजकेंद्र शक्यतो खाणीच्या तोंडाशी उभारायचे, हाच या उद्योगाचा मूळ नियम आहे.

नेवेलीची कथा या नियमाचे उत्तम उदाहरण आहे. 1930 च्या दशकात जंबुलिंग मुदलियार यांच्या जमिनीत विहिरींसाठी खोदकाम चालू असताना हा काळपट-तपकिरी पदार्थ वर आला. 1956 मध्ये केंद्र सरकारने तेथे नेवेली लिग्नाइट कॉर्पोरेशन (आताची एनएलसी इंडिया) स्थापन केली आणि सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या वीजकेंद्रातून 1962 मध्ये वीज मिळू लागली. येथे एक टन लिग्नाइट काढण्यासाठी आधी सुमारे साडेपाच घनमीटर माती व वाळूखडक हलवावा लागतो. थराखालील भूजल प्रचंड दाबाखाली असल्याने खाणीचा तळ फुटू नये म्हणून रात्रंदिवस पंप चालवावे लागतात. चाकाला बादल्या लावलेली महाकाय उत्खनन यंत्रे, मैलोन्‌मैल माल वाहून नेणारे पट्टे आणि हे पंप यांचा खर्च लिग्नाइट निघो वा न निघो चालूच राहतो. उत्पादन घटले की टनामागील खर्च वाढतो, आणि पुढील दर ठरवताना हाच हिशेब महत्त्वाचा ठरतो.

खाण आणि वीजकेंद्र एकाच मालकीचे असते तेव्हा लिग्नाइट बाजारात येतच नाही; ते ‘हस्तांतरण दरा’ने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. खाणीचा चालू खर्च, घसारा, कर्जावरील व्याज आणि भागभांडवलावरील ठरावीक परतावा यांची बेरीज करून हा दर काढतात. नेवेलीसाठी तो दीर्घकाळ कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरत आला आणि केंद्रीय वीज नियामक आयोग त्यावरून विजेचा ऊर्जा-आकार (वीजदरातील इंधनखर्चाचा भाग) निश्चित करतो. वीजकेंद्राशी संलग्न नव्या खाणींच्या इंधनदरासाठी आयोगाने आपल्या विनियमांतच स्वतंत्र तरतुदी केल्या आहेत. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे स्थैर्य. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदराच्या कोळशाचा भाव टनाला 400 डॉलरच्या वर गेला, तरी नेवेलीच्या हस्तांतरण दराचा त्या भावाशी संबंध नव्हता. उलट बाजू अशी की अकार्यक्षमतेचा खर्चही शेवटी वीजग्राहकाच्या देयकात जाण्याची शक्यता राहते, आणि म्हणून आयोगाची छाननी ही येथे औपचारिक बाब मानता येत नाही. राजस्थानात बाडमेरच्या 1,080 मेगावॉट खासगी प्रकल्पाला कपुरडी व जालिपा येथील खाणींतून लिग्नाइट मिळते. त्या खाणी चालवणाऱ्या कंपनीत राज्याच्या खनिज महामंडळाबरोबर वीजनिर्माता स्वतःही भागीदार असल्याने खाणीचा कोणता खर्च ग्राह्य धरावा हा प्रश्न तीव्र झाला, आणि तेथे वर्षानुवर्षे तात्पुरत्या दराने हिशेब चालला.

खऱ्या अर्थाने खुली विक्री गुजरातमध्ये होते. गुजरात खनिज विकास महामंडळ (स्थापना 1963) कच्छमधील माता नो मढ व उमरसर, भरूचमधील राजपारडी, सुरतमधील तडकेश्वर आणि भावनगर येथील खाणींतून कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने, कागद गिरण्या व वीटभट्ट्या यांना लिग्नाइट विकते. महामंडळ वेळोवेळी खाणनिहाय दर जाहीर करते, पण ते ठरवताना लक्ष इंडोनेशियन कोळशाकडे असते. उदाहरणादाखल, 4,200 किलोकॅलरींचा आयात कोळसा सुरतच्या बॉयलरपाशी 7,000 रुपये टनाने पोचत असेल, तर 3,000 किलोकॅलरींच्या लिग्नाइटची तेवढ्याच उष्णतेसाठी किंमत 5,000 रुपये होते. त्यातून ट्रकचे भाडे, कर आणि गुजरातच्या लिग्नाइटमधील जास्त गंधकामुळे बॉयलरच्या नळ्यांना बसणारा फटका वजा केला की खाणीवर काय दर मिळू शकेल ते कळते. आयात कोळसा स्वस्त झाला की कारखानदार तत्काळ तिकडे वळतो. 2021-22 मध्ये, विशेषतः इंडोनेशियाने जानेवारी 2022 मध्ये निर्यात थांबवल्यावर, हाच ओघ उलटला आणि लिग्नाइटची मागणी व दर दोन्ही चढले. नियमनाचाही परिणाम होतो : मोरबी-वांकानेर पट्ट्यातील सिरॅमिक कारखान्यांचे कोळसा-गॅसिफायर (कोळशापासून ज्वलनवायू बनवणारी यंत्रे) राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये बंद करायला लावल्यानंतर तो उद्योग नैसर्गिक वायूकडे वळला.

करांच्या बाबतीत लिग्नाइटवर बराच काळ अन्याय झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. स्वामित्वधन (रॉयल्टी) मात्र सवलतीचे आहे : 2012 पासून कोळशावर 14 टक्के, तर लिग्नाइटवर 6 टक्के. परंतु 2010 मध्ये टनामागे 50 रुपयांनी सुरू झालेला स्वच्छ ऊर्जा उपकर 2014 मध्ये 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला, आणि जुलै 2017 पासून तेवढीच रक्कम जीएसटी भरपाई उपकर म्हणून सुरू राहिली. हा उपकर वजनावर होता, उष्णतेवर नव्हता. निम्मे पाणी असलेल्या स्वस्त लिग्नाइटच्या टनाला उच्च प्रतीच्या कोळशाइतकेच 400 रुपये पडत, म्हणजे उष्णतेच्या प्रत्येक एककामागे त्याचा भार कितीतरी जास्त होता.

22 सप्टेंबर 2025 पासून हा उपकर संपला आणि जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. पूर्वीचा भार ‘किमतीच्या 5 टक्के अधिक 400 रुपये’ होता. तो नव्या 18 टक्क्यांशी ताडून पाहिला, तर टनाला सुमारे 3,077 रुपयांपेक्षा स्वस्त मालावरील कर कमी आणि महागड्या मालावरील कर जास्त झाल्याचे दिसते. ज्याला खरेदीवर भरलेल्या जीएसटीची स्वतःच्या देय करातून पूर्ण वजावट मिळते त्या कारखान्याच्या दृष्टीने हा फायदा अधिकच आहे. विजेला जीएसटीतून सूट असल्याने लिग्नाइट विकत घेणाऱ्या वीजकंपनीला मात्र अशी वजावट नाही, आणि तिच्यासाठी पूर्ण 18 टक्के हा इंधनखर्चच ठरतो.

पुरवठ्याच्या बाजूने सर्वांत मोठी अडचण जमिनीची आहे. उघड्या खाणी सुपीक शेतजमीन गिळत पुढे सरकतात आणि नेवेलीच्या भोवतालच्या गावांत भूसंपादनाला तीव्र विरोध झाला आहे. कावेरी खोऱ्यातील तीन लिग्नाइट पट्टे लिलावाच्या यादीत आल्यावर तमिळनाडूने हरकत घेतली आणि एप्रिल 2023 मध्ये केंद्राने ते वगळले. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वामित्वधन हा कर नव्हे असा निर्णय देऊन खनिजयुक्त जमिनीवर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर तमिळनाडूने केलेल्या कायद्यान्वये एप्रिल 2025 पासून लिग्नाइटवर टनामागे कर लागू झाला आहे. उपकर गेल्यानंतरही वजनावर आकारणी करण्याची रीत अशा प्रकारे राज्याच्या बाजूने चालू राहिली असून, नेवेलीच्या विजेच्या दरात तो खर्च कसा धरायचा हा नियामकापुढील प्रश्न आहे.