अंडाशयहानीचे संप्रेरक-निर्देशक

अंडाशयहानीचे संप्रेरक-निर्देशक : केमोथेरपीने अंडाशयातील बीजसाठा किती घटला याचा अंदाज देणारी रक्तातील संप्रेरके. अँटी-म्युलेरियन हॉर्मोन (एएमएच), एफएसएच (पुटकांची वाढ घडवणारे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक), इन्हिबिन-बी व इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) ही त्यांतील प्रमुख. उपचारांनंतर पाळी परत आली म्हणजे अंडाशय पूर्ववत झाले, हा समज रुग्णांत सर्रास आढळतो. पाळी चालू असूनही साठा बराच खालावलेला असू शकतो.

आल्फ्रेड जोस्ट यांनी 1940च्या दशकात सशाच्या भ्रूणांवर केलेल्या प्रयोगांतून म्युलेरियन नलिका (भ्रूणातील गर्भाशयाची पूर्वरचना) नाहीशा करणारा वृषणातील एक घटक सूचित झाला; तोच पुढे एएमएच ठरला. स्त्रियांत तो लहान, वाढत्या पुटकांच्या (बीजांड धारण करणाऱ्या पिशव्यांच्या) ग्रॅन्युलोसा पेशींतून स्रवतो. पाळीच्या दिवसांनुसार तो फारसा बदलत नसल्याने एफएसएचपेक्षा सोयीचा. साठा घटल्यावर एफएसएच वाढते, पण बऱ्याच उशिरा. एएमएचचे आकडे नॅनोग्रॅम वा पिकोमोल अशा दोन एककांत दिले जातात (1 नॅनोग्रॅम/मिली = सुमारे 7.14 पिकोमोल/लिटर). चाचणी-संचांमधील फरकामुळे दोन प्रयोगशाळांचे अहवाल थेट ताडून पाहू नयेत.

हानी कशी होते, यावर मतभेद आहेत. सायक्लोफॉस्फामाइडसारखी अल्किलकारी (डीएनएला रासायनिक गट जोडून तो बिघडवणारी) औषधे सर्वाधिक घातक, याबद्दल दुमत नाही. एका मतानुसार औषध सुप्त आद्य पुटकांच्या डीएनएवर थेट आघात करते व पेशी मरतात. 2013 मध्ये उंदरांवरील अभ्यासातून पुढे आलेले दुसरे मत असे : वाढती पुटके आधी नष्ट होतात, त्यांच्यासोबत सुप्त पुटकांवरचा एएमएचचा लगाम सुटतो आणि सुप्त पुटके एकदमच जागी होऊन संपून जातात. एएमएच-विरहित उंदरांत पुटके लवकर संपतात, हा त्याला आधार. तथापि मानवी ऊतींवरील निरीक्षणे थेट हानीकडे अधिक झुकतात. दोन्ही प्रक्रिया एकत्र घडत असाव्यात, असे मानणे सयुक्तिक वाटते. रक्तवाहिन्यांची हानी हा तिसरा घटक. येथे एक सावधगिरी हवी : केमो चालू असताना एएमएच झपाट्याने उतरते ते वाढत्या पुटकांच्या नाशामुळे. त्या काळातील नीचांकावरून वंध्यत्वाचा निष्कर्ष काढू नये. काही महिन्यांनी पातळी अंशतः सावरू शकते. उपचारांपूर्वीचे वय व एएमएच अधिक उपयोगी ठरतात.

जननक्षमता राखण्यासाठी बीजांडे वा भ्रूण गोठवणे हा प्रस्थापित मार्ग. त्याला साधारण दोन आठवडे लागतात व पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन आटोक्यात राहावे म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. वयात न आलेल्या मुलींसाठी अंडाशय-ऊती गोठवणे एवढाच पर्याय. गोठवलेल्या ऊतीच्या पुनर्रोपणानंतरचा पहिला जन्म 2004 मध्ये बेल्जियममध्ये झाला. ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) मात्र ऊतीबरोबर कर्कपेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो. केमोदरम्यान गोसेरेलिन या अंडाशयांचे काम तात्पुरते थांबवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन द्यावे का, हा वाद मिटलेला नाही. 2015च्या स्तनकर्करोग चाचणीत दोन वर्षांनंतरचा अंडाशय-निकामीपणा 22 वरून 8 टक्क्यांवर आला; लिम्फोमातील (लसिका-संस्थेच्या कर्करोगातील) ट्रिप्टोरेलिन या त्याच गटातील औषधाच्या अभ्यासात तसा लाभ दिसला नाही. गोठवण्याला पूरक एवढेच त्याचे स्थान धरावे.

मराठवाड्यात या विषयाचा संबंध गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशीही येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून एक लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या तपासणी-चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या कर्करोगकारक विषाणूच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. या रोगात अंडाशयांना मुख्य धोका ओटीपोटावरील किरणोपचारांचा. तरुण स्त्रीत अंडाशये शस्त्रक्रियेने किरणांच्या टप्प्याबाहेर वर सरकवता येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. अशा स्त्रीला पुढे केमो द्यावी लागली, तर पाळी हे लक्षणच उरत नाही. अंडाशये राखली असली तरी गर्भाशय काढल्यावर रजोनिवृत्ती लवकर येण्याचा कल आढळतो. तिच्याबाबत प्रश्न अपत्याचा नसून हाडांच्या ठिसूळपणाचा असतो; त्यासाठी एफएसएच व इस्ट्रॅडिऑल या जुन्या, स्वस्त चाचण्या बहुधा पुरतात.